मंडालेची बाहुली: रात्रभर की तासाभर?

म्यानमारच्या ‘योक थे’ या सूत्रबाहुल्यांचा खेळ पूर्वी रात्रभर चालायचा. आज मंडाले किंवा बगानला जाणाऱ्या पर्यटकाला साधारण तासाभराचा प्रयोग मिळतो.

जुन्या खेळात परंपरेने २८ बाहुल्या. आधी हिमवंताचं अरण्य, म्हणजे बौद्ध कथांतलं हिमालयातलं अद्भुत वन: घोडा, माकड, राक्षस, नाग, गरुड आणि लाल वेशातला झॉजी हा किमयागार. मग राजदरबार आणि त्यानंतर जातककथा, पहाटेपर्यंत. राजाला माणसाने जे तोंडावर सांगायची सोय नव्हती, ते बाहुली सांगून जायची, असं म्हणतात. विनोद आणि टोमणे कळायला मात्र बर्मी भाषा हवीच.

आताच्या प्रयोगात कथा जवळपास गळालीच आहे. उरलेत नाचाचे वेचे. पण कसब उरलंय. अठरा-एकोणीस दोऱ्यांवर झॉजी गिरकी घेतो तेव्हा भाषा आड येत नाही. कधी मागचा पडदा वर करून सूत्रधाराचे हातही दाखवतात. मला तर तोच भाग सर्वांत आवडतो. सोबत साईंग वाईंगचा, म्हणजे ढोल आणि घंटांच्या पारंपरिक बर्मी वाद्यवृंदाचा, ताफा प्रत्यक्ष वाजत असेल तर उत्तमच, पुढचीच जागा धरा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने तासाभराचाच खेळ बघावा. रात्रभराचा खेळ आता सहज मिळतही नाही.