दोन कार्डं, डिफॉल्ट रूट एक की दोन?

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या छोट्या ऑफिसांत लिनक्स मशीनला दुसरं नेटवर्क कार्ड लागतं ते दोनच कारणांनी. एक तर आतलं जाळं वेगळं ठेवायचं असतं, नाहीतर इंटरनेटच्या दोन लाइन असतात. आपलं कारण कुठलं, यावर पुढचं सगळं ठरतं.

आतल्या जाळ्यासाठी कार्ड असेल तर दुसरा डिफॉल्ट रूट (ज्यांना ठरावीक वाट नाही ती पॅकेटं जिकडून बाहेर जातात ती वाट) नकोच. त्या कार्डाचा गेटवे, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरचा पत्ता, कोरा सोडा. आतल्या जाळ्यातले कॅमेरे वेगळ्या सबनेटमध्ये (पत्त्यांच्या वेगळ्या गटात) असले तर तेवढ्यापुरता स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, रूट घाला. कार्ड डीएचसीपीवर असेल, म्हणजे पत्ता आपोआप घेत असेल, तर नेटवर्कमॅनेजरमध्ये (लिनक्सची नेटवर्क जोडण्या सांभाळणारी सेवा) 'नेव्हर-डिफॉल्ट' चालू करा. बहुतेकांचं काम इथेच भागतं.

दोन लाइन असतील आणि एक फक्त अडीनडीला हवी असेल, तर मेट्रिक, म्हणजे रूटच्या पसंतीचा आकडा. ज्याचं मेट्रिक कमी, तो रूट आधी. वायरला १००, वायफायला ६०० हे नेटवर्कमॅनेजर स्वतःच देतो. पण यात एक मेख आहे. केबल निघाली तर रूट जातो आणि दुसरी लाइन लागते. राउटर चालू आणि लाइन मात्र बाहेर रस्त्यावर तुटलेली, तर मशीनला पत्ताच नसतो, ते मुकाट तिकडेच पॅकेट ढकलत राहतं. आणि विश्वामित्री नदीला पाणी चढलं की लाइन तुटते ती बाहेरच. म्हणून बाहेरचा पत्ता पिंग करून (तिकडून उत्तर येतं का ते पाहून) रूट बदलणारी छोटी स्क्रिप्ट सोबत हवीच.

दोन्ही लाइनींवरून बाहेरचे लोक सर्व्हरवर येणार असतील, तर मेट्रिक कामाचं नाही. विनंती दुसऱ्या लाइनीच्या १९२.१६८.२.१० वर येते, उत्तर निघतं पहिल्या लाइनीच्या १९२.१६८.१.१ या गेटवेने. आरपी-फिल्टर (पॅकेट आलं त्याच वाटेने उत्तर जाईल का, हे पाहणारी लिनक्सची चाळणी) कडक असेल तर ती विनंती मुळात दारातच टाकली जाते, तीही गुपचूप. इथे पॉलिसी राउटिंगच लागतं: प्रत्येक लाइनचं वेगळं रूट टेबल, त्यात तिचा डिफॉल्ट रूट, आणि 'या पत्त्यावरून निघालेलं या टेबलाने' असा नियम. नियमाचा क्रमांक ३२७६६ च्या आत ठेवा, कारण लहान क्रमांक आधी पाहिला जातो आणि तिथे नेहमीचं मेन टेबल बसलेलं असतं. कटकट आहे खरी, पण एकदाच.

दोन्ही लाइनींवर भार वाटणारा मल्टिपाथ ऐकायला झकास वाटतो. एकच मोठं डाउनलोड त्याने दुप्पट वेगाने होत नाही, कारण एक कनेक्शन एकाच लाइनीने जातं. छोट्या ऑफिसाला मी तो सुचवणार नाही.

उबंटू सर्व्हरवर दुरून बदल करत असाल तर नेटवर्कची मांडणी लावून पाहणारी 'नेटप्लॅन ट्राय' ही कमांड वापरा. १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनी मांडणी आपोआप परत येते.