सोलापूर–मुंबई वंदे भारत : वालचंद हिराचंद यांचे काम पाहण्यासाठी

फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या या गाडीविषयीचे अभिप्राय बहुधा वेळ, भाडे आणि खाणे यांपुरतेच असतात. सकाळी सहाच्या सुमारास सोलापूर सोडून साडेबाराच्या आसपास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचवणारी ही सेवा मुंबईतले मोजके काम उरकून त्याच दिवशी परतणाऱ्यांस सोयीची आहे, एवढे त्याबाबत पुरे. सोलापूरकराने ती घ्यावी याचे माझ्या दृष्टीने खरे कारण निराळे आहे : आपल्या गावच्या एका ठेकेदाराची कारकीर्द जिथे सुरू झाली आणि जिथे ती कसाला लागली, ती दोन्ही ठिकाणे या एकाच मार्गावर, दिवसाउजेडी पाहता येतात.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. कापूस आणि सावकारी हा घरचा व्यवसाय सोडून ते रेल्वेच्या ठेकेदारीत उतरले, ते लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाच्या भागीदारीत. त्यांची सुरुवातीची कामे बार्शी लाइट रेल्वेची होती, आणि ही गाडी थांबते त्या कुर्डुवाडीलाच त्या अडीच फुटी मार्गाचा फाटा फुटत असे. मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे आणि थांबाही अगदी थोडा असतो, त्यामुळे इथे पाहण्यासारखे फार उरलेले नाही. तरीही ज्वारीच्या या सपाट मुलखात मातीचे भराव घालता घालता ठेकेदारी शिकलेला माणूस पुढे सह्याद्री फोडायला गेला, हे अंतर गाडीत बसूनच नीट उमगते.

लोणावळ्यानंतर मात्र खिडकी सोडू नये. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या, वालचंद यांच्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या अगदी पहिल्या कामांत बोरघाटातील बोगद्यांचे काम होते. घाटातले सगळेच बोगदे त्यांचे नव्हेत. मूळ घाटमार्ग १८६३ मध्येच सुरू झाला होता आणि तो बांधताना हजारो मजुरांनी जीव गमावला, हे श्रेय वाटताना विसरता कामा नये. पण ३७ फुटांना एक फूट अशा चढाचा हा घाट, जिथे चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना आजही मागून जादा इंजिने लावावी लागतात, तिथले काम एका देशी कंपनीच्या हाती आले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. उतारावर गाडीचा वेग कमी होतो, डब्यात अंधार येतो, पुन्हा दरीचा उजेड पडतो, आणि मोठ्या काचेतून कातळात कोरलेली बोगद्याची कमान क्षणभर अगदी जवळून दिसते. ठेकेदाराचे काम पारखायचे तर ते असे, त्यावरून रोज गाड्या धावत असताना पारखावे.

त्यांच्या सार्वजनिक कार्याचे मोलही मी याच कामाशी जोडून करतो. सरकारी ठेक्यांवर मोठा झालेला माणूस सरकारशी जुळवून घेईल, असे कोणालाही वाटले असते. परंतु १९१९ मध्ये सिंदिया या त्यांनी सहकाऱ्यांसह उभारलेल्या जहाज कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीलाच हात घातला होता. ते जहाज ५ एप्रिलला निघाले, म्हणून तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या स्थापनेत त्यांनी घेतलेला पुढाकार मला त्याहूनही महत्त्वाचा वाटतो, कारण कारखानदारी व व्यापार यांत विखुरलेल्या मराठी मुलखाला स्वतःचे म्हणणे एकत्रितपणे मांडण्याची जागा त्यामुळे मिळाली.

गाडीत याविषयी एखादी उद्घोषणा झाली, कुर्डुवाडीला किंवा खंडाळ्याला चार ओळींची माहिती दिली गेली, तर या सेवेचे मोल निश्चित वाढेल. सोलापुरात त्यांचे नाव अशोक चौकातील महाविद्यालयांमुळे मुलांच्या तोंडी आहे. त्या मुलांची एखादी सहल या गाडीने जरूर न्यावी, विशेषतः स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची. जाताना सकाळचीच गाडी घ्यावी. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस झोपेसाठी उत्तम आहे, पण ती घाट अंधारात उतरते. आणि हिवाळ्यात परतीची वंदे भारतही घाट चढेपर्यंत सूर्य मावळतीला आलेला असतो.