‘लाइफटाइम’ परवाना आणि कोल्हापूरच्या बिलावरचे २९

बेळगावात टिळकवाडीत माझे घरांचे आराखडे काढून देण्याचे लहानसे कार्यालय आहे. मी आणि दोन ड्राफ्ट्समन, एवढाच पसारा. तीन संगणकांवर ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरचे ‘लाइफटाइम’, म्हणजे कायमचे, परवाने बसवून देतो असे सांगणाऱ्या एका विक्रेत्याला मी आधी ४४,२५० रुपये दिले आणि काही महिन्यांनी ‘सर्व्हर नूतनीकरण’ म्हणून आणखी ८,२६० रुपये दिले. हे ५२,५१० रुपये गेले ते गेलेच, शिवाय त्या तिन्हींपैकी एकही परवाना माझ्या नावावर कधी नव्हता, हे नंतर कळले. तक्रार चालू असल्यामुळे विक्रेत्याचे नाव लिहीत नाही. पण त्याची रीत लिहितो, कारण निपाणी, खानापूर, चिकोडीकडच्या ड्राफ्ट्समनच्या गटांत त्याच्याच वळणाच्या जाहिराती अजून फिरत आहेत.

माझ्याकडे आधी ऑटोकॅड एलटी (ऑटोकॅडची लहान आवृत्ती) २०१३ चा रीतसर घेतलेला कायमस्वरूपी परवाना होता. ३० बाय ४० च्या प्लॉटवरचे घर, त्याचा प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन आणि मंजुरीसाठी द्यायचे सबमिशन ड्रॉइंग यांसाठी त्याहून अधिक काही लागत नाही. अडचण झाली ती स्ट्रक्चरल इंजिनिअरांकडून येणाऱ्या फाइलींची. ऑटोकॅडच्या २०१८ च्या आवृत्तीपासून डीडब्ल्यूजीचे, म्हणजे आराखडा ज्यात साठवतात त्या फाइलीचे, स्वरूप बदलले आणि तशा फाइली २०१३ मध्ये उघडत नाहीत. (कंपनीच्याच ट्रूव्ह्यू नावाच्या मोफत प्रणालीतून त्या जुन्या स्वरूपात उतरवून घेता येतात, हे मला ज्यांनी सांगितले त्यांनी पैसे देऊन झाल्यावर सांगितले.) त्यातच जुना संगणक बंद पडला आणि नवे काहीतरी घेणे भाग झाले.

‘लाइफटाइम’ म्हटल्याबरोबर संशय कसा आला नाही, असे आता मला जो तो विचारतो. का यावा? मी स्वतः तसा परवाना पैसे मोजून घेतला होता आणि अनेक वर्षे वापरला होता. ऑटोकॅडच्या नव्या कायमस्वरूपी परवान्यांची विक्री २०१६ च्या सुरुवातीलाच थांबली आणि तेव्हापासून मासिक, वार्षिक किंवा तीन वर्षांची वर्गणी तेवढी मिळते, हे खरे. पण ब्रिक्सकॅड आणि झेडडब्ल्यूकॅड या त्याच कामाच्या इतर सॉफ्टवेअरचे कायमस्वरूपी परवाने आजही रीतसर विकले जातात आणि त्यांत डीडब्ल्यूजी फाइलींवर काम होते. स्केचअपने असे परवाने २०२० च्या अखेरीस बंद केले, ड्राफ्टसाइटची मोफत आवृत्ती २०१९ बरोबर संपली. दिवसभर दारे-खिडक्या आणि कॉलमच्या मध्यरेषा आखणाऱ्या माणसाने कोणत्या कंपनीने काय केव्हा बंद केले याचे पंचांग जवळ बाळगावे, अशी अपेक्षा असेल तर मी त्यात कमी पडलो. विक्रेत्याला मात्र हा सगळा गोंधळ तोंडपाठ होता आणि त्याचा धंदा त्यावरच उभा आहे.

माझ्या मनातून जात नाही ते बिल. एका परवान्याचे १२,५०० याप्रमाणे तिन्हींचे ३७,५००, त्यावर केंद्राचा जीएसटी ३,३७५ आणि राज्याचा जीएसटी ३,३७५, एकूण ४४,२५०. पत्ता कोल्हापूरचा. जीएसटी क्रमांक १५ अंकाक्षरांचा, सुरुवात २९ ने. आता पुन्हा वाचा. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचा क्रमांक २७ ने सुरू व्हायला हवा, २९ हा कर्नाटकाचा आकडा आहे. आणि माल किंवा सेवा महाराष्ट्रातून कर्नाटकात येत असेल तर बिलावर एकच आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य जीएसटी, लागतो, नऊ-नऊ टक्क्यांचे दोन भाग पडत नाहीत. एका कागदावर दोन चुका माझ्या डोळ्यांसमोर होत्या. दोन्ही राज्यांची बिले आमच्या टेबलावर रोज येतात, सिमेंटवाल्याचे इकडचे, फिटिंगवाल्याचे तिकडचे. त्यामुळे २९ पाहून शंका यायच्या ऐवजी ओळखीचे काहीतरी दिसल्यासारखे वाटले आणि उलट विश्वास वाढला. नंतर जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला, ज्याला लॉगिनही लागत नाही, तेव्हा तो भलत्याच जिल्ह्यातल्या एका भुसार दुकानाचा निघाला. ही तपासणी तुम्ही पैसे देण्यापूर्वीच करा. दोन मिनिटांचे काम आहे.

परवाना म्हणून त्याने आम्हाला ईमेल आणि पासवर्ड दिले. खरा परवाना आपल्याच ईमेलवरच्या आपल्याच खात्यात जमा होतो आणि विकणाऱ्याला आपल्याला पासवर्ड देण्याचे काही कारणच उरत नाही. प्रणाली उघडल्यावर उजव्या कोपऱ्यात वरती भलत्याच माणसाचे नाव दिसत होते. माझ्या धाकट्या ड्राफ्ट्समनने ते दाखवलेही. विक्रेता फोनवर म्हणाला, “ते नाव बघू नका ओ साहेब, बल्क अकाउंट आहे ते.” ती विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी फुकट मिळणारी खाती होती, ज्यांवर व्यावसायिक काम करण्यास मनाई आहे आणि ज्यांची मुदत एकेका वर्षाची असते. तिसऱ्या संगणकावर तर लॉगिनही चालले नाही, म्हणून त्याने एनीडेस्कवरून (दुरून दुसऱ्याचा संगणक चालवण्याच्या सॉफ्टवेअरमधून) शिरून अँटीव्हायरस बंद करायला लावला आणि काहीतरी बसवले. अँटीव्हायरस बंद करा असे जो सांगेल, त्याचा फोन तेथेच ठेवून द्यावा.

नूतनीकरणाचे ८,२६० का दिले, हेही सांगतो. दोन खाती अचानक बंद पडली त्या आठवड्यात एका घराचे सबमिशन ड्रॉइंग द्यायचे होते आणि घरमालकाचे बँकेचे कर्ज त्यावर अडले होते. अशा वेळी माणूस पैसे देतो, वाद घालत नाही. यूपीआयवर पैसे पाठवण्यापूर्वी समोरच्याचे बँकेतले नाव दिसते; ते कोणत्याही फर्मचे नव्हते, एका व्यक्तीचे होते. नाव आणि बिल जुळत नसेल तर पिन टाकू नका.

पुढचा भाग अधिक संतापजनक आहे. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला, म्हणून हा अनधिकृत व्यवहार ठरत नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार घेतली गेली, पण तो मार्ग पैसे ताजे असताना उपयोगी पडतो. आमचे पैसे केव्हाच पुढे सरकले होते. इकडच्या पोलीस ठाण्यात पहिले वाक्य ऐकले ते असे की विक्रेता कोल्हापूरचा, तेव्हा तिकडे जा. तिकडे सांगितले की पैसे बेळगावातून गेले, तेव्हा इकडेच करा. सीमाभागातल्या माणसाला ही वाक्ये नवी नाहीत, फक्त या वेळी ती माझ्या वाट्याला आली. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे न पाहता खबर घेण्याची तरतूद आहे, हे मी छापून नेले. ते वाचायलाही कोणी हातात घेतले नाही. अर्ज कन्नडमध्ये हवा म्हणून परत पाठवला, तो लिहून घेण्याचे ३०० रुपये वेगळे. कन्नडमध्ये नेल्यावर एका अधिकाऱ्याने मलाच विचारले की बनावट सॉफ्टवेअर वापरले कोणी? प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३-ब मध्ये किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड आहे, हे खरे. पण ते कलम जाणूनबुजून वापर करणाऱ्यासाठी आहे, आणि ज्याच्या हातात ४४,२५० रुपयांचे बिल आहे त्याला हे सुनावण्यामागे अर्ज मागे घ्यायला लावण्याखेरीज दुसरा हेतू मला दिसत नाही. म्हणूनच बिल, यूपीआयच्या पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचे संभाषण काहीही पुसू नका; चोर ठरण्यापासून तेच वाचवते.

ग्राहक आयोगात चौकशी केली तर खिडकीवर उत्तर मिळाले की धंद्यासाठी घेतलेली वस्तू येथे चालत नाही. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘ग्राहक’ या व्याख्येलाच स्पष्टीकरण जोडलेले आहे की स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी केलेली खरेदी व्यावसायिक हेतूत मोडत नाही. शिवाय तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथेच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. म्हणजे निदान येथे तरी कोल्हापूर-बेळगावचा खेळ चालू नये. माझी तक्रार त्याच कलमावर तयार झाली आहे.

सध्या ऑटोकॅड एलटीची मासिक वर्गणी माझ्या स्वतःच्या ईमेलवर एका संगणकापुरती घेतली आहे. २०२४ च्या आवृत्तीपासून तिच्यात ऑटोलिस्प (नेहमीचे काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम लिहिण्याची भाषा) चालते, त्यामुळे पायऱ्यांचे आणि दारांचे आमचे रुटीन वाया गेले नाहीत. उरलेल्या दोघांसाठी ब्रिक्सकॅड की झेडडब्ल्यूकॅड हे चाचणी आवृत्तीवर आमच्याच जुन्या फाइली उघडून ठरवत आहोत. फुकटचे लिब्रेकॅडही पाहिले, पण ते डीडब्ल्यूजीमध्ये फाइल साठवत नाही आणि इंजिनिअर डीएक्सएफ या दुसऱ्या स्वरूपातली फाइल घ्यायला कुरकुरतात. ज्यांच्याकडे कोल्हापूरचा पत्ता आणि २९ ने सुरू होणारा क्रमांक असलेले याच धर्तीचे बिल असेल, त्यांनी खाते अजून चालू आहे म्हणून थांबू नये. आजच त्या कोपऱ्यातल्या नावाचा स्क्रीनशॉट काढावा आणि स्वतःच्या नावाने स्वतंत्र तक्रार द्यावी, कारण एकट्या माझ्या अर्जाला ‘तुमचा आपसातला व्यवहार’ असा शेरा मारून बाजूला ठेवलेले आहे.