फियाट ५०० एल (१९७०): वर्षभर वापरल्यावर, आणि आठ युरोच्या केबलचं प्रकरण

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठच असणार. मागे इंजिन, दोन सिलिंडर, एअर कूल्ड, ४९९.५ सीसी, १८ हॉर्सपॉवर, त्यामुळे ते परत लिहीत बसत नाही. खरं तर काहीच लिहिणार नव्हतो, पण गेल्या आठवड्यात एका गॅरेजवाल्याशी वाजलं आणि डोकं अजून गरम आहे, तेव्हा थोडं तिरकं वाटलं तर चालवून घ्या.

मी राहतो इटलीत तोरिनोत (ट्युरिन), म्हणजे ह्या गाडीच्या माहेरीच. फियाटचा मिराफिओरीचा कारखाना घरापासून लांब नाही. इथे पार्ट ढिगाने मिळतात, माहितगार म्हातारे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, आणि तीस वर्षांवरच्या गाडीला नेहमीचा रोड टॅक्स नाही, रस्त्यावर काढली तर नाममात्र रक्कम भरायची. इन्शुरन्सही जुन्या गाड्यांचा वेगळा आणि स्वस्त. हे सगळं कागदावर मांडून, हिशोब करूनच गाडी घेतली होती. हौस वगैरे नंतर.

आता मुद्द्याचं. ही गाडी चावी फिरवून सुरू होत नाही. चावीने फक्त करंट चालू होतो. दोन सीटच्या मधे, गिअरच्या दांडीमागे खाली दोन छोटे लिव्हर आहेत, एक चोकचा आणि एक स्टार्टरचा. स्टार्टरचा लिव्हर वर ओढला की मधल्या टनेलमधून मागपर्यंत गेलेली केबल ताणली जाते आणि ती केबल स्टार्टर मोटरवरचा हात खेचते, मग पिनियन (मोटरचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलला (इंजिनच्या मोठ्या चाकाला) लागतं आणि इंजिन फिरतं. सोलेनॉइड (हेच काम विजेने करणारा स्विच) नाही, काही नाही, सगळं तुमच्या मनगटावर. तर पोर्ता पालात्सोच्या बाजारातून भाजी घेऊन आलो, लिव्हर ओढला, आणि तो हातात नुसताच सैल वर आला. आवाज नाही, टकटक नाही, काहीच नाही. ताण नव्हताच त्याला. दोन पोरं आणि एक आजोबा धावून आले, गाडी सगळी मिळून पाचशे किलो, सेकंडला टाकून धक्का दिला आणि पहिल्या झटक्यात सुरू झाली. आजोबांनी नंतर दहा मिनिटं मला थांबवून त्यांच्या ५०० ची गोष्ट सांगितली, आणि इंजिन बंद करायची माझी हिंमत नसल्यामुळे तेवढा वेळ पेट्रोल जळत होतं ते वेगळंच.

गॅरेजवाला म्हणाला मोटर गेली. नवीन मोटर आणि मजुरी धरून २९० युरो, आणि तपासणीचे ४० आत्ताच द्या. मी म्हटलं अहो पण लिव्हरला ताणच नाही, मोटर जळली असती तरी केबल ताणली गेलीच असती की. त्यावर उत्तर काय, तर जुन्या गाड्यांचं असंच असतं. चाळीस दिले (पावती मागून घेतली), गाडी घराजवळच्या उतारावर लावली आणि केबल ऑनलाइन मागवली. आठ युरो. रविवारी गाडीखाली आडवा झालो, बायको आत बसून लिव्हर ओढतेय आणि मी खालून बघतोय, तर स्टार्टरच्या टोकाला तारेचे सगळे धागे तुटून ब्रशसारखे पिंजारलेले, एकच धागा कसाबसा लोंबकळत होता. नवीन केबलला भरपूर ग्रीस थापलं, बसवली, लिव्हर ओढला, घुर्रर्र. दुसऱ्या दिवशी तुटकी केबल घेऊन त्या गॅरेजमध्ये गेलो आणि काउंटरवर ठेवली. चाळीस परत मिळाले नाहीत. आवाज चढले, माझं इटालियन रागात बरं येतं असं लक्षात आलं, एवढीच कमाई.

पण खरा राग गॅरेजवर नाही, फियाटवर आहे. कारण ४ जुलै १९५७ ला गाडी आली तेव्हापासून ४ ऑगस्ट १९७५ ला सिसिलीत तेर्मिनी इमेरेसेला शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत ह्यांनी सगळं काही बदललं, ही केबल मात्र जशीच्या तशी. मागच्या जुलैत गार्लेंदाला ५०० वाल्यांचा मेळावा असतो तिथे गेलो होतो, लिगुरियात, तिथे ह्या गाडीचं म्युझियमही आहे. शेकडो गाड्या ओळीत, सगळे लोक रंग बघतायत, बॉनेट उघडतायत, आणि मी प्रत्येक खिडकीतून डोकावून सीटच्या मधे बघतोय. सगळ्यांत तेच दोन लिव्हर. ५०० च्या जागी नंतर आलेल्या फियाट १२६ मध्येसुद्धा सुरुवातीला हीच पद्धत होती, बोला आता.

त्या ओळीतून फिरताना एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसली. ह्या गाडीचे सगळे व्हेरिएंट म्हणजे फियाटने आधी काय काय वाचवलं आणि मग गिऱ्हाइकाने बोंब मारल्यावर काय काय परत दिलं त्याची जंत्री आहे. पहिली गाडी ४७९ सीसी, १३ हॉर्सपॉवर, ४ लाख ९० हजार लिरा. दाराच्या काचा खाली होत नव्हत्या, फक्त पुढची तिकोनी काच उघडायची, आणि मागे सीटच्या नावाखाली नुसतं बाकडं. लोकांनी पाठ फिरवली, कारण थोडे पैसे अजून टाकले की फियाटचीच मोठी ६०० येत होती चार माणसांची. त्याच वर्षी फियाटने घाईघाईने काचा फिरवायचं हँडल दिलं, पॉवर १५ केली, साधी आवृत्ती स्वस्त केली आणि ज्यांनी आधी घेतली होती त्यांना २५ हजार लिरा परत दिले. परत दिले! हे त्या गॅरेजवाल्याला कोणीतरी सांगा.

मग १९५८ ची स्पोर्ट, २१ हॉर्सपॉवर, बाजूला लाल पट्टा. १९६० ला डी ही आवृत्ती आली, इंजिन ४९९.५ झालं. डी पर्यंतच्या गाड्यांची दारं उलटी, म्हणजे बिजागरी मागे, बसायला उतरायला मस्त पण चालत्या गाडीत उघडलं तर वाऱ्याने दारच उखडायचं. १९६५ च्या एफ मध्ये बिजागरी पुढे आली. गिआर्दिनिएरा मात्र, म्हणजे तिची स्टेशन वॅगन, १९७७ पर्यंत निघत राहिली आणि शेवटपर्यंत उलट्या दारांचीच. तिच्यात इंजिन आडवं झोपवलंय, म्हणून मागे सपाट जागा मिळते, खरी कामाची गाडी तीच, पण आता तिच्या किमती बघून डोळे पांढरे होतात. आबार्थ (५०० वरून बनवलेल्या वेगवान गाड्या) वगैरेंचं लिहीत नाही, ती आपल्या खिशाबाहेरची चर्चा आहे.

माझी एल, ही आवृत्ती १९६८ ते ७२ निघाली. एल म्हणजे लुसो, लक्झरी. लक्झरी काय? खाली कार्पेट, पाठ मागे जाणाऱ्या सीट, बंपरवर जास्तीच्या नळ्या, आणि चौकोनी मीटर ज्यात पेट्रोलचा काटा आहे. एफ मध्ये काटाच नाही, रिझर्व्हला आली की फक्त दिवा लागतो. मी एफ पेक्षा बऱ्यापैकी जास्त पैसे मोजले ते ह्या काट्यासाठी आणि तो काटा वळणावर पाव टाकी इकडे तिकडे डोलतो. टाकी २२ लिटरची, म्हणजे पाच लिटरचा फरक! शेवटी मीही दिव्यावरच चालवतो. आणि गंमत बघा, १९७२ ला १२६ आल्यावर जी शेवटची आर काढली तिला १२६ चं ५९४ सीसी इंजिन दिलं, पण पॉवर कापून १८ वरच ठेवली आणि काटा परत काढून घेतला.

गिअरबॉक्सबद्दल. चार गिअर आणि एकालाही सिंक्रो (गिअर टाकताना वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही. पहिले दोन महिने मी रोज शिव्या घालत होतो, प्रत्येक सिग्नलला खर्रर्र करून माणसं वळून बघायची. आमचे काका एसटीत ड्रायव्हर होते, त्यांना व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकवला तर म्हणाले, "अरे डबल क्लच मार की, गाडी आहे का खलबत्ता?" क्लच, न्यूट्रल, सोड, थोडा रेस, परत क्लच, मग खालचा गिअर. काकांनी साताऱ्यात बसून शिकवलं आणि मी इथल्या सुपेर्गा टेकडीच्या घाटात शिकलो. आता लिहितो, गिअरबॉक्स ही ह्या गाडीतली सगळ्यात भारी गोष्ट आहे, दांडी लोण्यासारखी पडते. सुरुवातीला मी मित्रांना सांगत फिरलो होतो की ह्या गिअरबॉक्सपायी गाडी घेऊ नका, ते मत रद्द समजावं.

काकांना आणखी एक गोष्ट सांगितली ती त्यांना फार आवडली. आपल्याकडे फियाट म्हणजे कुर्ल्याची प्रीमियर, काळीपिवळी. ती ज्या ११०० वरून आली ती १९५३ ची गाडी आणि ही ५००, दोन्हीच्या मागे एकच इंजिनिअर, दान्ते जिआकोझा. काका म्हणाले मग त्याला विचार पद्मिनीला चावीचा स्टार्टर दिला आणि हिला का नाही. बरोबर आहे की!

बाकी पटकन. अ‍ॅव्हरेज शहरात १७-१८ चं मिळतं. हायवेला नव्वदच्या वर नेऊ नका, जाईल, पण तुम्हाला बोलता येणार नाही. कापडी छत उघडलं की आवाज निम्मा होतो, म्हणून थंडीतही थोडं उघडं ठेवतो. हीटर म्हणजे इंजिनवरची गरम हवा टनेलमधून पुढे, ती उघडायचा लिव्हर मागच्या सीटच्या पुढ्यात खाली, चालवताना हात पोचत नाही, आणि हवेला तेलाचा वास. ब्रेक चारही ड्रम, पावसात अंतर ठेवा.

घ्यायची असेल तर एफ घ्या, काट्याचे पैसे वाचवा, आणि स्टार्टरची केबल पहिल्याच दिवशी बदला, जुनी चांगली दिसत असली तरी. बघायला जाताना चुंबक न्या. खाली फ्लोअर, पुढे बॅटरीच्या खालचा पत्रा, दाराखालच्या पट्ट्या, जिथे चिकटलं नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. माझ्या गाडीला डाव्या बाजूला चिकटलं नाही. मालक "कम्प्लीट रिस्टोअर केलीय" म्हणत होता, चुंबक टपकन खाली पडलं तसा गप्प झाला, आणि मग किमतीवर नीट बोलणं झालं.