टोक सापडता कामा नये: विणकाम गिल्डचा डिसेंबर मेळावा आणि खलाशांच्या टोप्या

माझी टोपी परत आली. तपासणीच्या टेबलापलीकडच्या बाईंनी ती उलटी केली, आत ओवलेलं लोकरीचं टोक चिमटीत धरून हलकेच ओढलं, आणि ते सुळकन बाहेर आलं. "हे टोक आधी एका दिशेला, मग उलट दिशेला ओवून आणा, की घेते," असं म्हणून त्यांनी टोपी माझ्या हातात ठेवली. पन्नास वर्षं मी विणते आहे, त्यामुळे त्या क्षणी वाईट वाटलंच. बाजूच्या खुर्चीवरच्या बाईंनी न बोलता आपली बोथट सुई पुढे केली. मी तिथेच बसून दोन्ही टोकं पुन्हा ओवली. दुसऱ्या खेपेला बाईंनी ओढून पाहिलं, टोक हललं नाही, आणि टोपी खोक्यात गेली.

अमेरिकेतल्या या विणकाम गिल्डबद्दल, म्हणजे आपल्या भाषेत विणणाऱ्यांच्या मंडळाबद्दल, लिहायचं तर इथूनच लिहायला हवं. दानासाठी विणलेली वस्तू इतक्या कसोशीने तपासणारी माणसं मला याआधी भेटली नव्हती. आपल्याकडे स्वेटर वाटप झालेलं मी बरंच पाहिलं आहे. कुणी उरलेल्या लोकरीचं काहीतरी करून देतं, बाह्या लहानमोठ्या असतात, गळ्यातून डोकं जात नाही, आणि तरी सगळे म्हणतात, "असू दे, दान आहे ना." इथे उलट आहे. दान आहे म्हणूनच नीट हवं.

आता सविस्तर. मी मुलीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला ऑक्टोबरपासून आहे. तिच्या घरापासून गाडीने वीसेक मिनिटांवर एका लहान गावाच्या लायब्ररीत हे गिल्ड भरतं. महिन्यातून एकदा संध्याकाळी सहा ते साडेआठ. वर्षाची वर्गणी तीस डॉलर, पण पहिल्या दोन वेळा पाहुणी म्हणून फुकट बसू देतात. मी नोव्हेंबरमध्ये एकदा जाऊन आले होते. डिसेंबरची बैठक मात्र वेगळी, वर्षअखेरचा मेळावा: खाणंपिणं, भेटींची अदलाबदल, आणि वर्षभर विणलेल्या वस्तूंची मोजणी व बांधाबांध. चाळीसच्या आसपास माणसं होती, त्यात तीन पुरुष. एक आजोबा पाच सुयांवर पायमोजा विणत होते, टाच वळवताना एकदाही खाली न बघता.

गिल्ड ज्यांच्यासाठी विणतं ते आहेत खलाशी. न्यूयॉर्कमध्ये सीमेन्स चर्च इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे, १८३४ साली सुरू झालेली. तिचा 'ख्रिसमस ॲट सी' हा उपक्रम १८९८पासून चालू आहे. स्वयंसेवक घरोघरी टोप्या, मफलर विणतात आणि नाताळच्या सुमारास त्या बोटींवरच्या माणसांना भेट म्हणून मिळतात. नावात चर्च आहे म्हणून आपल्यापैकी कुणी बिचकू नये. खलाशी कुठल्या धर्माचा हे तिथे कुणी विचारत नाही. संस्थेचं खलाशांसाठीचं केंद्र पोर्ट न्यूआर्कला आहे, म्हणजे आपण विमानतळावर जाताना ज्या उंच क्रेन दिसतात तिथेच. आठ वर्षं मुलीकडे येताना-जाताना त्या रस्त्याने जाऊनही त्या क्रेनखालच्या बोटींत माणसं असतील, ती थंडीत डेकवर उभी असतील, हे माझ्या मनात आलं नव्हतं. माझ्या मनात तरी यायला हवं होतं.

कारण माझे वडील, अण्णा, बोटीवर होते. रत्नागिरीला आमच्या आळीत तीन घरांतले पुरुष बोटीवर असत. दहा-अकरा महिन्यांनी यायचे, पत्र्याची ट्रंक उघडली जायची, आणि आळीतली सगळी मुलं ओट्यावर जमायची. एका वर्षी त्या ट्रंकेतून गडद निळी, हाताने विणलेली टोपी निघाली. कुठल्याशा थंड बंदरात खलाशांच्या क्लबात बायका वाटत होत्या, एवढंच अण्णा सांगत. बंदराचं नाव त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही. ती न्यूयॉर्कचीच होती असं मी म्हणणार नाही. जगातल्या पुष्कळ बंदरांत अशा संस्था आहेत.

आईने ती टोपी रात्री कंदिलाजवळ धरून टाके मोजले होते. तिने मला जवळ बोलावलं, टोपी उलटी केली आणि म्हणाली, "टोक कुठे आहे शोध." मी शोधलं, बोटांनी चाचपलं, नाही सापडलं. "बघ, कोण कुठली बाई. हिला माहीतही नाही टोपी कुणाच्या डोक्यावर जाणार." त्यानंतर आईने मला विणकाम शिकवलं आणि प्रत्येक वस्तू पुरी झाली की उलटी करून टोक शोधायची. मी ते विसरले होते. गेली काही वर्षं नातवंडांसाठी विणताना टोक इंचभर ओवायचं आणि कापायचं अशी सवय लागली होती. लायब्ररीतल्या त्या बाईंनी टोक ओढून काढलं तेव्हा मला आईच आठवली.

तर तपासणी. लांब टेबलावर थर्माकोलचं एक डोकं ठेवलेलं, बावीस इंच घेराचं. प्रत्येक टोपी त्यावर चढते. कान झाकले जातात का, कपाळावर काचते का, पाहतात. मग त्यावर पिवळं हेल्मेट बसवून बघतात. डेकवर काम करताना टोपीवर हेल्मेट घालावं लागतं, म्हणून वर गोंडा चालत नाही. एका बाईंच्या सहा सुंदर टोप्यांना गोंडे होते. त्यांनी तक्रार न करता कात्री मागितली. लोकर मशीनमध्ये धुता येणारीच हवी, कारण बोटीवर कपडे मशीनमध्येच धुतात आणि साधी शुद्ध लोकर गरम पाण्यात आटून नमद्यासारखी घट्ट होते. मी भारतातून आणलेले लुधियानाच्या लोकरीचे चार गुंडे यात बसले नाहीत. त्यांनी कारण समजावून सांगितलं आणि गिल्डच्या कपाटातली ॲक्रिलिकची लोकर दिली, पैसे न घेता.

जी टोपी सगळ्यांनी विणावी असं सुचवतात तिचं नावच '१८९८', उपक्रम सुरू झाला त्या सालावरून. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. आधी एक लांब पट्टा विणायचा, सगळ्या सुया, म्हणजे ओळी, सुलट. पट्ट्याच्या मधोमध एक टाका न विणता उचलत जायचा, म्हणजे तिथे आपोआप घडी पडते. डोक्याच्या घेराएवढा पट्टा झाला की टोकं जोडायची, पट्टा लांबीत दुमडायचा, कडेवरून टाके उचलायचे आणि तिथून वर टाळूपर्यंत गोल विणत जायचं. कानांवर दोन पदर येतात आणि डोक्यावर एकच, त्यामुळे हेल्मेट अडत नाही. माझ्या आईला ही वीण फार आवडली असती.

इथे आपल्या बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण मी त्यात फसले. नोव्हेंबरमध्ये मिळालेल्या कागदावर साध्या टोपीसाठी ८८ टाके आणि ८ नंबरच्या सुया लिहिल्या होत्या. मी आपल्या ८ नंबरच्या सुया काढल्या. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, त्यांची ८ नंबरची ५ मिलिमीटरची. विणलेली टोपी ताणली जाते, म्हणून साडेएकोणीस इंच घेर हवा होता, माझा भरला जेमतेम सतरा. शिवाय त्यांच्या लोकरीच्या लेबलवरचा ४ आकडा म्हणजे आपली फोर प्लाय नव्हे. ती लोकर आपल्या फोर प्लायपेक्षा बरीच जाड असते. तेव्हा नंबर विसरा, मिलिमीटर बघा, आणि टोपी सुरू करण्याआधी चार इंचांचा तुकडा विणून टाके मोजा. ती सतरा इंची टोपी वाया गेली नाही, गावातल्या लहान मुलांच्या कपड्यांच्या खोक्यात गेली. मग मुलीने नव्या सुया आणून दिल्या आणि मी दुसरी टोपी केली. टोकावरून परत आली ती हीच.

बांधाबांधीच्या टेबलावर माझ्या शेजारी फिलिपाइन्सच्या एक नर्सबाई होत्या. त्यांचा धाकटा भाऊ कंटेनरच्या बोटीवर मोटरमन, म्हणजे इंजिनरूममधला खलाशी, आहे. भारत आणि फिलिपाइन्स, दोन्हीकडून जगभरच्या बोटींवर पुष्कळ माणसं जातात, त्यामुळे आम्हा दोघींना एकमेकींना फार काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, हल्ली कंटेनर इतक्या झपाट्याने उतरतात की बोट एखादा दिवसच धक्क्याला असते, आणि व्हिसा नसेल तर अमेरिकेत जमिनीवर पाय ठेवता येत नाही. भाऊ एकदा न्यूयॉर्कच्या दिव्यांकडे रात्रभर डेकवरून बघत राहिला होता, बहीण तासाभराच्या अंतरावर असताना. मी त्यांना अण्णांच्या ट्रंकेबद्दल सांगितलं. त्या टाके मोजताना टागालोगमध्ये पुटपुटत होत्या, मी मराठीत. मध्ये बोललं की दोघींचाही आकडा चुकत होता, म्हणून मग आम्ही आळीपाळीने बोललो.

प्रत्येक टोपीबरोबर हाताने लिहिलेलं एक कार्ड जातं. मराठीत लिहिलं तर चालेल का, असं मी विचारलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, जरूर लिहा, खाली इंग्रजीतही लिहा, म्हणजे ज्याला मिळेल त्याला समजेल. मी लिहिलं, "कान झाकून घे. घरी फोन कर." नर्सबाईंनी आपलं कार्ड लिहिलं आणि बराच वेळ हातात धरून बसल्या.

मेळाव्याबद्दलही थोडं. खाणं प्रत्येकीने घरून आणलेलं. मी शंकरपाळे नेले होते, ते संपले. शाकाहारी माणसाला चीज, फळं, बिस्किटं यांवर भागवावं लागतं, आणि कशात अंडं आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. पदार्थापुढे एक चिठ्ठी ठेवायला काहीच अवघड नाही. मी तसं सुचवलं आहे. लोकरीच्या अदलाबदलीचं टेबल उत्तम. घरात पडून राहिलेले गुंडे आणून ठेवायचे, हवे ते न्यायचे. मला करड्या रंगाच्या तीन लडी मिळाल्या.

भेटींचा खेळ मात्र मला पटला नाही. प्रत्येकीने कागदात गुंडाळून लोकर आणायची, क्रमांकाने एकेक उघडायची, आणि नंतरच्या माणसाला आधीच्याची उघडलेली भेट काढून घेण्याची मुभा. पहिल्यांदाच आलेल्या एका तरुण मुलीच्या हातातून हिरवी मऊ लोकर दोनदा गेली. ती हसत होती, पण तिचे हात रिकामे होते. या खेळात तास गेला आणि टोप्या कुठे जातात, कशा पोचतात हे सांगायला अध्यक्षबाईंना दहाच मिनिटं उरली. हे उलट असतं तर बरं झालं असतं. जी माणसं वर्षभर विणतात त्यांना बोटीवरच्या माणसांबद्दल अजून ऐकायचं असतं, निदान मला होतं. हॉलमध्ये आवाजही फार घुमतो. कानाला यंत्र लावणाऱ्यांनी पुढच्या रांगेत बसावं.

त्या दिवशीची मोजणी: २१२ टोप्या, ४० मफलर. सगळ्यात जास्त टोप्या एका नव्वदीच्या आजींच्या होत्या, ३१. त्यांना आता रंग नीट ओळखता येत नाहीत, म्हणून मुलगी गुंड्यांवर मोठ्या अक्षरात रंग लिहून देते. त्यांच्या टोप्या मी मुद्दाम उलट्या करून पाहिल्या. टोक सापडलं नाही.

पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा त्या खेळापायी गेला. विणकाम अजिबात येत नसेल तरी जा, कोपऱ्यातल्या टेबलावर दोघीजणी नव्यांना टाके घालायला शिकवतात. इंग्रजी फारसं येत नसेल तरी जा, सुया हातात असल्या की अडत नाही. पार्किंग फुकट आहे, पण मागच्या बाजूचं दार रात्री बंद असतं, पुढून वळसा घालावा लागतो, आणि बर्फ पडलेला असेल तर ती वाट निसरडी होते. जानेवारीच्या बैठकीत रिकामी खोकी पुन्हा मांडली जातील.

एप्रिलमध्ये मी रत्नागिरीला परत जाणार. तोवर माझ्या नावावर चार टोप्या लिहून ठेवल्या आहेत. पहिलीचा पट्टा सुईवर आहे, त्या करड्या लडींचा. कान झाकायला अजून सहा इंच विणायचा आहे.