पोर्तुगीज पासपोर्टचं काम करणारं म्हापशातलं एक ऑफिस, आणि लंडनबद्दल तिथे ऐकलेलं खरं

पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला जायचं असं ज्यांच्या डोक्यात अजून आहे त्यांनी कुणालाही ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. गोव्यात म्हापशाला एक छोटं ऑफिस आहे, जुने जन्मदाखले शोधून काढणं, भाषांतर, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), लिस्बनला जन्मनोंद, सगळं करतात. नाव इथे लिहीत नाही कारण मालक काकांनीच सांगितलं की हातातली कामंच उरकत नाहीत, आणखी गर्दी नको, पण अनुभव लिहायला हरकत नाही म्हणाले. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आम्ही डिचोलीचे. बाबांचा जन्म १९५४ चा, म्हणजे गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त झाला त्या १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा, त्यामुळे पोर्तुगालच्या कायद्याप्रमाणे त्यांची जन्मनोंद लिस्बनच्या सेंट्रल रजिस्ट्रीत करता येते आणि मग त्यांच्यामागून आम्हा मुलांची. चुलतभाऊ २०१४ सालीच या वाटेनं इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला, वेअरहाऊसमध्ये लागला, तिथेच स्थिरावला. तेव्हापासून माझ्या धाकट्या भावाचंही तेच चाललेलं, शिक्षण झालं की स्विंडन. २०१४ ला ते बरोबरच होतं म्हणा, पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे युरोपियन युनियनचा नागरिक आणि युके तेव्हा युनियनमध्ये, उतरायचं आणि काम शोधायला लागायचं, व्हिसा नाही स्पॉन्सर नाही काही नाही. बार्देस-साष्टीतल्या कितीतरी घरांतली माणसं अशीच स्विंडनला नाहीतर साउथॉलला गेलीत.

आधी आम्ही दुसऱ्या एका एजंटकडे गेलो होतो. एसी ऑफिस, भिंतीवर मोठा लंडनचा फोटो. त्यांनी सांगितलं ब्रेक्झिट-बिक्झिट पेपरात वाचायला ठीक आहे, प्रत्यक्षात सगळं चालू आहे, पासपोर्ट हातात आला की डब्लिनला उतरायचं, तिथून बसनं बेलफास्टला जायचं, बॉर्डरवर कुणी काही विचारत नाही आणि बेलफास्ट म्हणजे युकेच, नाहीतर आम्ही केअर होमचा व्हिसा काढून देतो, अर्धी रक्कम आज भरली तर पुढचं आमच्यावर सोडा. बाबांनी चेकबुक सोबत नेलेलं. भाऊच म्हणाला घरी विचार करून सांगतो, म्हणून वाचलो.

म्हापशाच्या काकांना हे सगळं सांगितलं तर ते भडकलेच. साठीच्या पुढचे, क्रिस्तांव, आवाज मोठा. बाबांना सोडून थेट मला म्हणाले, "बाय, लंडन सोंपलें. लिस्बन आसा, आयर्लंड आसा, जर्मनी आसा. लंडन जाय जाल्यार म्हाका पयशे दिवं नाकात." म्हणजे लंडनच हवं असेल तर मला पैसे देऊ नका. आणि मग फाईल उघडायच्या आधी कोरा कागद घेऊन तारखा लिहायला बसले. पहिल्या भेटीची फी ५०० रुपये, आणि मला विचाराल तर त्या एका कागदाचेच पैसे वसूल झाले.

तो कागद साधारण असा. २३ जून २०१६ ला युकेनं युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं (हेच ते ब्रेक्झिट) यावर सार्वमत झालं, ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडा सांगितलं, ४८.१ टक्के राहा म्हणाले. ३१ जानेवारी २०२० ला युके बाहेर पडलं पण २०२० सालअखेरपर्यंत जुनेच नियम चालू ठेवले. त्या ३१ डिसेंबरच्या आत जे तिथे राहत होते त्यांच्यासाठी ईयू सेटलमेंट स्कीम, अर्जाची मुदत ३० जून २०२१, पाच वर्षं राहिलेला असेल तर सेटल्ड, म्हणजे कायम राहायची परवानगी, कमी असेल तर प्री-सेटल्ड, म्हणजे तात्पुरती. माझा चुलतभाऊ यात बसला, त्याचं सगळं सुरळीत आहे. १ जानेवारी २०२१ पासून मात्र नव्यानं जाणारा पोर्तुगीज आणि नव्यानं जाणारा भारतीय, कामाच्या व्हिसाच्या रांगेत दोघेही सारखेच. स्किल्ड वर्करला २२ जुलै २०२५ पासून साधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो, वेअरहाऊसचं काम त्यात बसतच नाही, आणि परदेशातून केअर वर्कर आणणं त्याच तारखेपासून बंद केलंय. म्हणजे त्या एसीवाल्यांचा केअर होमचा व्हिसा इथून जाणाऱ्यासाठी आता अस्तित्वातच नाही!

आणि बेलफास्टचं तर फारच वाईट आहे. आयर्लंड आणि युकेच्या मध्ये चेकनाका नाही हे खरं, पण तिकडून इकडे येऊन राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क फक्त ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना आहे, पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला नाही. बसमधून उतरलात तरी काम देणारा परवानगीचा पुरावा मागणार, तो नसेल तर काम नाही, आणि लपून केलंत तर तो गुन्हा. वीस-बावीस वर्षांच्या पोराला घरचे सोनं गहाण ठेवून पाठवतात आणि हा माणूस त्याला बेकायदेशीर व्हायला सांगतो, तेही फी घेऊन. मला याचा खरंच संताप येतो.

एक गोष्ट मला आधी अजिबात माहीत नव्हती. चुलतभाऊ लग्न ठरवतोय, मुलगी पेडण्याची. आम्ही धरून चाललेलो की तो सेटल्ड आहे म्हणजे बायको सहज जाईल. काकांनी विचारलं, ओळख कधीची? नातं ३१ डिसेंबर २०२० च्या आधीपासूनचं असतं तर त्या स्कीमखाली बायको म्हणून जाता आलं असतं, नंतरचं असेल तर नेहमीचा फॅमिली व्हिसा, त्याला एप्रिल २०२४ पासून वर्षाला किमान २९,००० पौंड मिळकत दाखवावी लागते, आधी १८,६०० होती. हे काम त्यांच्याकडे नव्हतंच, त्यातून त्यांना एक पैसा मिळणार नव्हता, तरी सगळं समजावून सांगितलं.

आता बाकाबद्दल. ऑफिसच्या बाहेर जिन्याजवळ एक लांब बाक आहे, तिथे नंबर येईपर्यंत बसायचं आणि तिथे कायम राजकारणावर वाद चाललेला असतो. आम्ही गेलो तेव्हा पेडण्याचे एक निवृत्त मास्तर होते, एक जहाजावर काम केलेले पात्रांव (आमच्याकडे मोठ्या माणसाला आदरानं असं म्हणतात), आणि कळंगुटची एक बाई जिची मुलगी स्विंडनला आहे. मास्तरांचं म्हणणं, ब्रेक्झिट आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा आपला १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल एकच, थोडक्या मतांनी अख्ख्या देशाचं नशीब ठरवून टाकायचं हे चुकीचंच, ते स्वतः विलीनीकरणवाले, फूल ही विलीनीकरणाची निशाणी, त्यावर शिक्का मारलेलं घर, अजून जखम ओली आहे. पात्रांव दोन पानांवाले, म्हणजे संघप्रदेशाच्या बाजूचे, ते म्हणाले लोकांनी मत दिलं ते दिलं, तुम्हाला पटो न पटो, इंग्लंडनंही तेच केलं, त्यात काय चुकलं.

मी मध्ये पडले कारण मला दोघांचंही अर्धंच पटलं. १९६७ ला संघप्रदेशाला १,७२,१९१ मतं आणि विलीनीकरणाला १,३८,१७०, फरक ३४ हजारांचा, म्हणजे टक्केवारीत बघितलं तर ब्रेक्झिटपेक्षा बराच मोठा. पण मुद्दा तो नाहीच. आपल्याकडे कागदावर दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही काय आहेत ते शेतातल्या माणसालाही माहीत होतं, महाराष्ट्रात जायचं की संघप्रदेश म्हणून राहायचं. ब्रिटनमध्ये एकीकडे राहा आणि दुसरीकडे नुसतं बाहेर पडा, बाहेर पडून कुठे जायचं, सिंगल मार्केटमध्ये, म्हणजे युनियनच्या सामायिक बाजारात राहायचं की नाही, आयर्लंडच्या बॉर्डरचं काय, हे काहीच मतपत्रिकेवर नव्हतं, म्हणून मग साडेतीन वर्षं पार्लमेंट भांडत बसलं, पंतप्रधान कॅमरून गेले, थेरेसा मे गेल्या, मग जॉन्सन आले. आणि दुसरं, मगोनं, म्हणजे विलीनीकरणवाल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षानं, तो निकाल मानला. त्या पक्षाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी कौलाच्या आधी सरकारचा राजीनामा दिला होता, विलीनीकरण हरलं, आणि मार्च १९६७ ला लोकांनी परत त्यांनाच निवडून दिलं आणि त्यांनी संघप्रदेश म्हणूनच गोवा चालवला, शाळा काढल्या. हरलेल्यांनी निकाल मानून काम केलं ही आपल्याकडची फार मोठी गोष्ट आहे आणि ती आपण पोरांना सांगत नाही. मास्तर गप्प झाले नाहीत, म्हणाले भाऊंचं नाव घेऊन तू मला हरवायला बघतेस, पण चहा मात्र त्यांनीच मागवला.

मग कळंगुटच्या बाईंनी जे सांगितलं ते ऐकून सगळेच थांबले. त्यांच्या मुलीला २०१६ ला मतच देता आलं नाही. ती पोर्तुगीज पासपोर्टवर, म्हणजे युरोपियन नागरिक, आणि त्या सार्वमतात आयरिश, माल्टा आणि सायप्रसचे सोडले तर युरोपियन नागरिकांना मत नव्हतं. पण तिच्याच कंपनीत भारतीय पासपोर्टवर आलेला एक मुलगा होता, त्यानं मत दिलं, कारण भारत कॉमनवेल्थमध्ये आणि युकेत राहणाऱ्या कॉमनवेल्थ नागरिकांना मत होतं. म्हणजे जिचं पुढचं सगळं आयुष्य त्या निकालावर अवलंबून ती बाहेर, आणि तिचं राहतं गाव स्विंडन, त्यानंही ५४.७ टक्क्यांनी बाहेर पडा म्हणून सांगितलं. भारतीय पासपोर्ट सोडला नसता तर ती तिथे नसती, आणि सोडला म्हणून तिला बोलायला जागा नव्हती. मला वाटतं पासपोर्ट बदलताना माणसानं सगळ्यात जास्त विचार याचा करावा, पगाराचा नंतर.

काका नेमकं हेच प्रत्येकाला आत बसवून विचारतात आणि म्हणून मी त्यांना एवढे मार्क देतेय. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही, दुसऱ्या देशाचं घेतलं की इथलं जातं, पासपोर्ट सरेंडर करावा लागतो, इथलं मत जातं. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड मिळालं तरी मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं आली तर येते. आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, बाबांनी पहिला प्रश्न तोच केला. २०२७ ला गोव्याची विधानसभा निवडणूक आहे हेही काकांनी बोलून दाखवलं, तुमच्या गावात चाळीसातला एक आमदार तुमच्या मताशिवाय निवडून येईल, चालेल का, विचार करा. २०२२ ला निवडून आलेल्या अकरातले आठ काँग्रेस आमदार सहा-सात महिन्यांत भाजपमध्ये गेले तेव्हा आमच्या घरी सगळे चिडलेले, पण चिडायला आधी मतदार असावं लागतं.

बाकावरचे पात्रांव म्हणत होते की मूळ मडगावच्या घरातला आपला बाबुश, पोर्तुगालचा माजी पंतप्रधान आंतोनियो कोस्ता, आता युरोपियन कौन्सिलचा अध्यक्ष आहे, तो काहीतरी करील. अभिमान मलाही आहे, पण मे २०२५ ला लंडनला युके आणि युनियनची जी बैठक झाली तिला कोस्ता स्वतः हजर होते आणि ब्रिटनचे पंतप्रधान म्हणून स्टार्मर यांनी तेव्हाही स्पष्ट सांगितलं की मुक्त संचार परत येणार नाही. तरुणांसाठी ठरावीक मुदतीची योजना यायची बोलणी आहेत, ती आली तरी २०१४ परत येत नाही. त्यात तिथे फराज यांचा रिफॉर्म पक्ष जोरात आहे, आणि खुद्द पोर्तुगालमध्ये २०२५ च्या निवडणुकीत शेगा दुसऱ्या नंबरवर आला, तो बाहेरच्यांच्या विरोधातलाच पक्ष. लिस्बनला जाणाऱ्यांनी हेही बघून ठेवावं.

कामाबद्दल बोलायचं तर पक्कं. आजोबांचं नाव जुन्या रजिस्टरमध्ये पोर्तुगीज स्पेलिंगनं, बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी स्पेलिंगनं आणि लग्नाच्या नोंदीत तिसरंच, हे त्यांनी पहिल्या दिवशी पकडलं, आधी ते सरळ करू, मग आईबाबांचं लग्न नोंदवू, मग मुलांचं, असा क्रम लिहून दिला. प्रत्येक पैशाची पावती. भाषांतराचे पैसे वेगळे पण आधी सांगतात.

अर्धा मार्क कापला तो फोनसाठी, फोन कधीच उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर उत्तर आलं तर नशीब, आणि लिफ्ट नाही, जिना उभा आहे, बाबांना गुडघ्यांमुळे दर मजल्यावर थांबावं लागलं. ज्यांचे दाखले लागतात ते सगळे साठीच्या वरचेच असणार, तर खाली एखादी खोली भाड्यानं घ्यायला हवी.

आमचं सध्या असं ठरलंय की बाबांची आणि भावाची नोंद करायची, भाऊ पणजीला पोर्तुगीजच्या क्लासला जायला लागलाय, मी माझा पासपोर्ट आहे तोच ठेवणार. जाणार असाल तर जन्माचा मूळ दाखला आणि आईवडिलांच्या लग्नाची नोंद दोन्ही सोबत न्या, झेरॉक्सवर ते काही सांगत नाहीत, आणि सकाळी लवकर जा, एक वाजता शटर पडतं ते तीननंतरच उघडतं.