उबंटूची सर्टिफाइड यादी वापरून बघितली : अमळनेरच्या झेरॉक्सवाल्याचा अनुभव

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. माझ्या दुकानातले दोन्ही पीसी इंटेलच्या सहाव्या पिढीचे, आणि विंडोज 11 मागतं किमान आठवी. म्हणून एक जुना लॅपटॉप घेऊन त्यावर विंडोजऐवजी उबंटू ही फुकट लिनक्स सिस्टिम (आवृत्ती 24.04) टाकायचं ठरवलं, आणि घेण्याआधी उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीची सर्टिफाइड हार्डवेअरची, म्हणजे उबंटूवर तपासलेल्या कॉम्प्युटरांची, यादी उघडली.

यादी फुकट आहे आणि कामाची आहे. मॉडेल टाकलं की कोणत्या आवृत्तीवर तपासलंय ते कळतं, आतलं वायफाय-ग्राफिक्सही दिसतं. माझ्या मॉडेलपुढे 20.04 होतं. 24.04 चाललं, पण ती जोखीम माझी. काही मॉडेलांखाली बारीक सूचना असते : कंपनीने खास बनवलेलं उबंटू टाकून दिलं होतं, साधं उबंटू नीट चालेलच असं नाही. ती वाचाच. मी पहिल्यांदा वाचली नव्हती, नशिबाने माझ्या लॅपटॉपला ती नव्हती.

फसलो प्रिंटरवर. मला वाटलं, लॅपटॉप सर्टिफाइड म्हणजे त्याला जे जोडू ते चालणार! साडेतीन हजारांना जुना लेझर आणला. पीक विम्याची गर्दी, समोर अप्पा विचारताय, "काय व्हयनं भो?" आणि मी नुसतं कंट्रोल-पी दाबतोय. रात्री ओपनप्रिंटिंगची यादी बघितली, लिनक्सवर कोणता प्रिंटर किती चालतो ते सांगणारी. तिथे चार दर्जे : परफेक्ट, मोस्टली, पार्शली आणि शेवटचा पेपरवेट, म्हणजे कागदावर ठेवायच्या वजनापलीकडे उपयोग नाही. माझा पेपरवेट.

स्कॅनरच्या वेळी शहाणा झालो. त्यासाठी लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या सेन प्रकल्पाची यादी आहे. पण डब्यावरच्या नावावर जाऊ नका. शेवटचं एक अक्षर बदलतं आणि आत चिपच दुसरी निघते. मी लॅपटॉप घेऊनच दुकानात गेलो, केबल लावली, टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (lsusb) ही जोडलेली यूएसबी यंत्रं दाखवणारी कमांड मारली. चार-चार अंकाक्षरांचे दोन नंबर येतात, पहिला कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. तेच यादीत शोधले : ‘कम्प्लीट’, म्हणजे पूर्ण चालतो. दुकानदार म्हणे, "इतलं कोन्ही देखत नही, नाना." पहिल्याच दिवशी सातबाऱ्याचा गठ्ठा स्कॅन झाला, काही इन्स्टॉल न करता.

प्रिंटर मग नवाच घेतला, एअरप्रिंटवाला, म्हणजे ड्रायव्हरशिवाय छापायची सोय असलेला. खरंच काही टाकावं लागलं नाही.

अंगठ्याच्या मशीनचं मात्र जमलं नाही. आधारसाठी ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे आरडी सर्व्हिस, माझ्या मॉडेलला विंडोज आणि अँड्रॉइडपुरतीच, त्यामुळे एक विंडोज 11 चा पीसी घ्यावाच लागला.

कॅनॉनिकलच्या यादीला पाचपैकी चार. एक कापला, कारण प्रिंटर-स्कॅनरसाठी दुसऱ्या दारी जावं लागतं आणि हे तिथे पहिल्याच पानावर ठळक सांगायला हवं होतं.

आणि हो, पेपरवेट विकायचाय. विंडोजवर झकास चालतो. दोन हजार.